कोटवाले कुणाला किती दिसतात

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी अॅनिमे बघायला लागले, आणि ज्यांना त्याचं हसू येतं त्यांनी पोट धरून हसावं. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात समोर बसून मी लग्नाच्या कोटांवरचे, मुलाखतीच्या शर्टांवरचे आणि ज्यांची चर्चा करू नये असेही डाग ताब्यात घेत आले आहे. माणसं कशाकशात रमतात ते मला पुरतं ठाऊक आहे. त्या मानानं मोठ्या डोळ्यांची हलती चित्रं बघणं अगदीच सोज्वळ.

हे खूळ घरात आणलं वन्संनं. वन्सं म्हणजे माझी नणंद. वयानं माझ्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती, पण सासूबाईंनी 'वन्सं म्हणायचं' असं बजावलं आणि ते तोंडात बसलं. हाक वन्सं, बाकी सगळं अगं-तुगं. पुढे सासूबाई गेल्या, मग माझे यजमान गेले, आणि खाली दुकान, वर दोन खोल्या एवढ्यात आम्ही दोघी उरलो. वन्संचं लग्न राहून गेलं. कुणी अडवलं नव्हतं. आधी भावाचं आजारपण, मग दुकान, मग 'बघू', असं करत करत राहिलं.

कामाची वाटणी अशी की गिऱ्हाईक, इस्त्री आणि भांडणं माझ्याकडे, डाग तिच्याकडे. मागच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल आहे, त्यावर बाटल्या, मऊ ब्रश आणि पांढरी फडकी. कपडा नाकाशी धरला की तिला कळतं चहा आहे, गंज आहे की रक्त आहे. दुसऱ्या दुकानांनी हात टेकलेले कपडे लोक आमच्याकडे आणतात. 'आमच्याकडून डाग राहून जात नाही,' हे वाक्य माझे यजमान छाती काढून म्हणायचे, आणि त्यांच्यामागे मीही म्हणते.

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही मागच्या खोलीत जेवतो, आणि जेवताना मालिका. टॅबलेट इस्त्रीच्या टेबलावर कोटाच्या हँगरला टेकवून उभा करायचा. मालिका जपानीत, खाली इंग्रजी पाट्या. माझं इंग्रजी पावतीपुरतं, आणि चष्मा असा की लावला तर चेहरे धूसर, काढला तर अक्षरं धूसर. म्हणून वन्सं वाचते. वाचते कसली, तोंडाला येईल ते मराठी करून म्हणते. नायिका तिच्या आवाजात बोलते, नायक तिच्याच आवाजात बोलतो, घरमालकीण आजीबाईसुद्धा. मला आता जपानी माणसं दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलत असतील हे खरंच वाटत नाही.

गोष्ट अशी आहे. एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक मुलगी टोप्या शिवते. इमारतीच्या लिफ्टमध्ये गणवेशातला एक देखणा तरुण उभा असतो, बटण दाबतो, 'सांभाळून' म्हणतो. तो केव्हाच मेलेला आहे. आणि त्या भुताचा नियम असा की ज्याचा त्याच्यावर जीव आहे त्यालाच तो दिसतो, आणि जेवढा जीव तेवढाच दिसतो. घरमालकीण आजीबाईंना फक्त त्याचे बूट दिसतात. दरवानाला एक पांढरा हातमोजा दिसतो, तो रोज त्या हातमोज्याला सलाम करतो. आणि ही टोपीवाली, हिला तो पहिल्या भागापासून अख्खा दिसतो, कानामागच्या तिळासकट!

म्हणजे हिचं प्रेम बसलंय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलंय, आणि हिला पत्ता नाही. ती आपली 'आज लिफ्ट हळू का चालतेय?' म्हणून भांडतेय आणि तो कानापर्यंत लाल होतोय. सांगायची सोय नाही, कारण नियम कुणाला सांगितला की त्या माणसाला तो कायमचा दिसेनासा होतो.

मी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसते. वन्सं मुद्दाम नायिकेच्या तोंडी 'मेल्या' घालते. भुताला मेल्या! मग मी ताटावरून उठून पाणी प्यायचं, तिनं मागे नेऊन तेवढं पुन्हा दाखवायचं. आणि चिडायचंही दोघींनी मिळून. "अगं, बोल की एकदाचं!" असं वन्सं त्या पोरीवर खेकसायची. "तोंड दिलंय ना देवानं? उघड की ते!"

आता कोटवाल्यांचं सांगते.

वजनमापं तपासणारे एक इन्स्पेक्टर आमच्याकडे येत. दुकानांतले काटे तपासायचे, माप खोटं निघालं की सील ठोकायचं, असं त्यांचं काम. गंभीर माणूस. एकच करडा लोकरी कोट, दर आठवड्याला तोच कोट, आणि त्याच्या बाहीवर शाईचा डाग. आम्ही त्यांना कोटवाले म्हणायचो. कोट तयार झाला की वन्सं स्वतः आतून बाहेर यायची. ही एरवी कुणाच्या बापासाठी टेबल सोडत नाही. येऊन ती म्हणायची, "थोडा राहिलाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा." ते म्हणायचे, "आणतो." संपलं संभाषण. दोघंही काउंटरवरच्या घंटीकडे बघत उभे.

बरेच दिवस माझ्या काही लक्षात आलं नाही, कारण माझं लक्ष गिऱ्हाइकाच्या पावतीवर असतं, तोंडावर नसतं. मग एकदा मी तो कोट इस्त्रीला घेतला तर वन्सं ओरडली, "डागावर इस्त्री नको!" बरोबरच होतं, गरम इस्त्री फिरली की डाग कायमचा धरतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. पण मी बाही उजेडात धरली आणि बघतच राहिले. साधी शाई होती. जेमतेम तिळाएवढी.

"ही तुझ्यानं निघत नाही?" मी विचारलं.

"हट्टी आहे," ती म्हणाली.

शाई ती गप्पा मारता मारता काढते, हे मला माहीत आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत. जेवताना मालिका लागली, आजीबाईंना बूट दिसले, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोटवाले दिसतात कसे गं?"

घास हातात धरून ती सांगत सुटली. डावी भुवई टोकाला पांढरी झालीय. तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय, स्वतःच लावलं असणार, गाठ उलटी आहे. सुटे पैसे देताना आधी आपल्याशी मोजतात आणि मग पुन्हा आपल्यासमोर मोजतात. हसू आलं की खाली बघतात. ऊन असलं तरी गळ्याशी बटण लावतात. सांगता सांगता तिला कळलं की आपण बराच वेळ बोलतोय, आणि तिनं घास तोंडात टाकला.

मी त्याच माणसाला आठवड्यामागून आठवडे पावती देत आले होते. डोळे मिटून आठवू गेले तर मला एक करडा कोट दिसला, वर काही नाही. मिशी आहे की नाही हेसुद्धा सांगता येईना. 'तुला अख्खे दिसतात की गं,' असं जिभेवर आलं होतं. पण नियम सांगितला की माणूस दिसेनासा होतो, आणि ते कार्टूनपुरतं असलं तरी मी उगाच धोका घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात मी काउंटरवर बसून दाराच्या काचेकडे नजर ठेवली. कोटवाले आले. दाराबाहेर थांबले, इकडेतिकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि डाव्या बाहीला हळूच टोक टेकवलं. मग टोपण लावून, गळ्याचं बटण चाचपून, गंभीर चेहऱ्यानं आत आले.

"शाई सांडली," ते म्हणाले.

"सांडतेच मेली," मी म्हणाले, आणि पावती फाडताना ओठ दाताखाली धरले. ज्या माणसानं किंचित कमी माप दिलं म्हणून निम्म्या बाजाराला घाम फोडला, तो आमच्या दारात उभा राहून स्वतःच्या कोटाला डाग लावतोय! इकडून हे लावतात, तिकडून ती राखते, आणि मधल्या मधे माझी वीज आणि माझं स्पिरिट खर्च होतंय.

त्या दिवशी मी जाम खूश होते. आणि संध्याकाळी जिना चढता चढता मधेच थांबले. ही गेली तर? वर दोन खोल्या, खाली दुकान, आणि त्यात मी एकटी. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. पण भीती वाटते म्हणून दुसऱ्याचा हात धरून ठेवायचा, ही माझी रीत नाही. जे होईल ते होईल म्हणून मी झोपले आणि झोप चांगली लागली.

मग बदली आली. कोटवाले कोट टाकायला आले तेव्हा माझ्याशी बोलत होते, पण आवाज मागच्या खोलीपर्यंत जाईल एवढा काढला होता. "माझी बदली झाली. दुसऱ्या शहरात. या शनिवारी निघतो."

आतला ब्रशचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दुपारी शेवटून दुसरा भाग होता. इमारत पाडायची नोटीस लागते, लिफ्ट निघणार, म्हणजे तोही जाणार. मला रडू यायला हवं होतं, पण वन्सं पाट्या अशा वाचत होती की जणू बसचं वेळापत्रक. मेल्या नाही, खेकसणं नाही, काही नाही. "घसा बसलाय का?" मी विचारलं. "हो," म्हणाली. शेवटचा भाग दुसऱ्या दिवसावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट तयार होऊन टांगलेला होता. कोटवाले आले. वन्सं बाहेर आली नाही. मी हाक मारली तर आतून म्हणाली, "हात गुंतलेत, तूच दे."

मी दिला. जुन्या सवयीनं बाही पुढे करून दाखवली. "बघा साहेब, डागाचं नाव नाही."

त्यांनी बाही उजेडात धरली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत होते, आणि मला ती पांढरी भुवई दिसली, उतरलेला चेहरा दिसला, सगळं दिसलं.

"म्हणजे आता पुन्हा आणायला नको," ते म्हणाले.

मला सुचेपर्यंत त्यांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले, "त्यांना आभार सांगा" म्हणाले आणि गेले.

मी शटर अर्धं ओढलं आणि मागे गेले. वन्सं टेबल पुसत होती. टेबल आधीच स्वच्छ होतं.

"काढलास?"

"काढायचाच असतो, वहिनी. धंदा आहे आपला."

"इतके दिवस नाही तो आठवला, धंदा?"

"शिळं उकरू नकोस."

"तुला ते आवडतात की नाही, एवढंच सांग."

तिनं फडकं पिळलं. "आवडून काय करू? उठून दुसऱ्या गावाला जाऊ? या वयात? दुकान कोण बघणार? आणि तुला पाट्या कोण वाचून दाखवणार?" हे शेवटचं ती हसत म्हणाली, पण खरं कारण तेच होतं. तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि तेवढं मला चष्म्याशिवाय वाचता येतं.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या नावावर बिल फाडू नकोस," मी म्हणाले. "मी काय लोळागोळा होऊन पडलेय? दुकान माझं आहे, मी चालवीन. डागाला माणूस ठेवीन."

"कोण मिळणारेय तुला?"

"तुझ्यासारखं नाही मिळणार. तुझ्या निम्म्या तोडीचंसुद्धा नाही मिळणार. तरी ठेवीन! पहिल्या भागापासून त्या पोरीला शिव्या घालतेस, तोंड उघड म्हणून. तुझं कुठे गेलं? दातखीळ बसली?"

"तेही नाही ना बोलले."

"ते बोलत होते. शाईनं बोलत होते. तूच काल पुसून टाकलंस."

यावर ती खाली बसली, स्टुलावर, फडकं हातात घेऊन, आणि रडायला लागली. ती फार कमी रडते. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला.

मालिकेत अशा वेळी कुणीतरी धावतं. जिने उतरत, रस्ते ओलांडत, केस सुटलेले. मला ते बघायला आवडतं, पण माझे गुडघे त्या लायकीचे नाहीत आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर आमच्याकडे असतो.

"साहेब, ड्रायक्लीनिंगमधून बोलतेय. तुमच्या कोटावर डाग राहिलाय."

वन्सं ताडकन उठली. "वहिनी! दुकानाचं नाव!"

मला का ते ठाऊक नव्हतं? ते वाक्य या दुकानातून आजवर कधी बाहेर पडलं नव्हतं. यजमान असते तर त्यांनी फोन हिसकावला असता. किंवा नसताही; बहीण त्यांचीच होती.

"पण मी बघितला," पलीकडून आवाज आला. "कुठेच नाहीये."

"तुम्हाला मापातलं कळतं, साहेब, डागातलं आम्हाला. कोट घेऊन या. आत्ता."

ते आले तेव्हा धापा टाकत होते आणि गळ्याचं बटण उघडं होतं. म्हणजे शेवटी कुणीतरी धावलंच. मी वन्संला खांद्याला धरून काउंटरवर नेऊन उभी केली, तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, आणि त्यांना म्हणाले, "डाग कुठाय ते हिला विचारा." मग मागच्या खोलीत गेले, दार लोटलं, टॅबलेट हँगरला टेकवला आणि शेवटचा भाग लावला. आवाज मोठा ठेवला. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

टोपीवाली लिफ्टकडे पळत होती. इमारतीचे दिवे जात होते. ती काहीतरी ओरडली, तो काहीतरी म्हणाला, खाली पाट्या सरसर येऊन गेल्या. मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आणि बाहेरून वन्संचा आवाज आला. इतके महिने पडद्यावर ओठ हलले की तोच आवाज यायचा, म्हणून पहिल्यांदा मला वाटलं नायिकाच बोलली.

"यात काही नाहीये."

"माहीत आहे. वाटेत उजेडात बघितला."

"मग आणलात कशाला?"

"तुम्ही बोलावलंत."

"मी नाही. वहिनीनं."

मी कपाळाला हात लावला. पडद्यावर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती.

"मग जाऊ?"

काउंटरवरची घंटी एकदा वाजली, कुणाचा तरी हात लागला असणार.

"शाई तुम्ही लावता?" वन्संनं विचारलं.

"हो. तुम्ही ठेवत होता?"

"हो."

आता मी टॅबलेटचा आवाज पार बंद केला. ठरवलं होतं ते राहिलं बाजूला.

ते म्हणाले, "मला बोलायला जमत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका बोललो, स्वतःचं काही बोलायची वेळच आली नाही. मी शनिवारी जातोय. घर बघून ठेवतो. माझ्याशी लग्न कराल? याल तिकडे?"

"वहिनी एकटी पडेल," वन्सं म्हणाली.

"वहिनीचं वहिनी बघून घेईल!" मी आतून ओरडले. "तू तुझं बोल!"

बाहेर कुणीतरी हसलं, बहुतेक ते. ते हसताना खाली बघत असणार. मग वन्सं बोलली. पाट्या वाचतानाचा आवाज नव्हता तो, नायिकेचा नव्हता, आजीबाईंचा नव्हता. तिचा स्वतःचा होता, आणि तो मी दुकानात कधी ऐकला नव्हता.

"येईन."

त्याला पुढे 'पण' नव्हतं, 'बघू' नव्हतं. मी तिथेच इस्त्रीच्या टेबलाला धरून रडले. आनंद झाला होता, भरपूर झाला होता, आणि एकटी पडणार होते तेही खरं होतं. दोन्ही एकदम झालं.

ती हसत, डोळे पुसत आत येईल, 'मागे घे, वाचून दाखवते' म्हणेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी दाराला आतून कडी लावली, डोळे पुसले आणि टॅबलेटचा आवाज पुन्हा वाढवला. टोपीवाली बोलत होती, तो बोलत होता, पाट्या पळत होत्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि मी तो भाग शेवटपर्यंत बघितला.